पंचांनी ठरवून दिलेली भाकरी

आई,

तू मला एकदा तरी विचारायला हवं होतंस. गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातून, दिवसभर सूत गुंडाळून घरी आलीस, लुगड्याला चिकटलेला कापूस दारातच झटकलास, चुलीपुढे बसलीस, आणि पीठ मळताना माझ्याकडे न बघता का होईना, पण विचारायला हवं होतंस. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. आता माझं वय तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून जास्त आहे. शाळेतली नोकरी संपली, मुलं आपापल्या संसारात आहेत, दुपार मोठी असते. तेव्हा लिहिते.

आप्पा गिरणीत मागावर होते, आणि चांगले विणकर होते, हे तूही कधी नाकारलं नाहीस. जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, त्यांची मारामारी झाली, त्यांना काढून टाकलं, आणि त्या जॉबरचा हात सोलापुरातल्या साऱ्या गिरण्यांत पोचत असल्यासारखं त्यांना कुठेच कोणी उभं करेना. पहिले काही महिने ते रोज सकाळी फाटकापाशी जाऊन बदली कामगारांच्या रांगेत उभे राहायचे. मग जाणं कमी झालं. मग ते उंबऱ्यात बसू लागले. तू पहाटे भाकऱ्या थापून, पाणी भरून कामाला जायचीस, संध्याकाळी यायचीस, तेव्हा ते तिथेच बसलेले असायचे आणि तुझी वाट अडवल्यासारखे पाय आखडून घ्यायचे. चुलीत लाकूडसुद्धा सरकवलेलं नसायचं. तू काही बोलायची नाहीस. तुझं न बोलणंच त्यांना जास्त लागायचं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला एवढंच कळायचं, की तू आलीस की घरातली हवा बदलते आणि मी पाटी घेऊन कोपऱ्यात सरकावं.

ज्या दिवशी त्यांनी तुला नळावर सगळ्या चाळीसमोर मारलं, त्या दिवशी तुझा ओठ फाटला होता. तू पदर तोंडाला दाबून धरलास आणि तशीच कामावर गेलीस. संध्याकाळी आलीस तेव्हा ओठ सुजला होता आणि पदरावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तू त्यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "मी वळसंगला जानार हाय. पंचांपुढं. सोडचिठ्ठी मागनार." ते हसले. तू खरंच जाशील असं त्यांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं.

वळसंगच्या मारुतीच्या देवळापुढचा तो पार मला अजून दिसतो आहे. पंच पाच जण, आपल्याच जातीतले, आप्पांचे चुलते त्यांत एक. तू बायकांच्या बाजूला उभी आहेस, डोक्यावरून पदर घेतलेला, ओठावरचा व्रण झाकलेला नाही. मी तुझ्या लुगड्याचा काठ धरून उभी आहे. मी अकरा वर्षांची आहे. मोठे पंच, ज्यांना सगळे थोरले म्हणत, ते तंबाखू मळत मळत बोलतात, घाई नसल्यासारखे.

"तुला नांदायचं न्हाय म्हन्तीस."

"न्हाय."

"बाईनं मागितली तर नवऱ्याचा लग्नाचा खर्च भरून द्यायची रीत हाय. देतीस?"

"कुटनं देऊ? माझ्या एकलीच्या पगारावर तीन तोंडं खात्यात."

थोरले आप्पांकडे वळले. "तुजं काय म्हननं?"

आप्पा मान खाली घालून म्हणाले, "तिला ऱ्हायचं नसलं तर मी धरून ठेवनार न्हाय. पन मी खाऊ काय?"

कोणीतरी मागे हसलं. थोरले हसले नाहीत. त्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली आणि ते म्हणाले, "पुरुष कमावता असता आन् बाई घरात असती, तर आमी त्याला पोटगी द्याय लावली असती. हितं उलटं हाय. न्याव तोच. त्याला काम लागस्तोवर त्याची दोन वखताची भाकरी तुझ्या चुलीवरनं जाईल. आन् तवर तू पाट लावायचा न्हाय, दुसरा नवरा करायचा न्हाय."

तू तेव्हा जे बोललीस ते मी माझ्या आयुष्यात किती बायकांना सांगितलं असेल. तू म्हणालीस, "बाई घरात असती तवा ती रिकामी नसती, थोरले. ती रांधती, पानी भरती, पोरं वाडवती. ह्ये दोन वर्सं घरात बसले, एक दिवस चूल पेटवली न्हाय. मग ह्यो न्याव तोच कसा?"

आप्पांचे चुलते खाकरले. थोरल्यांनी तुझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, असं मला वाटलं. पण त्यांनी निकाल बदलला नाही. फक्त म्हणाले, "तुजं खरं हाय. पन मानूस उपाशी मरू द्याचा व्हय?"

"मग काम लागलं ह्ये कोन सांगनार? हे सांगतील?"

"पोरगी सांगल की. भाकरी घिऊन रोज तीच जानार. तिला दिसंलच." आणि मग माझ्याकडे वाकून, हळू, "सांगशील न्हवं गं? खरं सांगायचं बरं का."

मी मान हलवली. मग त्यांनी एक काडी घेतली, तुमच्या दोघांच्या मध्ये धरून मोडली, आणि तुमचा संसार संपला. येताना बैलगाडीत तू माझं डोकं मांडीवर घेतलंस. असं तू फार वेळा केलं नाहीस.

त्यानंतर रोज सकाळी भोंग्याआधी तू पाच भाकऱ्या थापायचीस. त्यांतल्या दोन एका फडक्यात बांधून, वर शेंगाची चटणी नाहीतर कांदा ठेवून माझ्या हातात द्यायचीस आणि मी शाळेच्या आधी निघायचे. आप्पांनी विणकरांच्या पेठेजवळ एका मुसलमान म्हातारीच्या घरात मागची खोली घेतली होती. खोली कसली, शेळी बांधायच्या जागेला दार लावलेलं. पण तिथे आप्पा वेगळे होते, आई. तू ते आप्पा कधी पाहिले नाहीस, आणि कदाचित पाहिले असते तरी तुला खरे वाटले नसते. मी दिसले की ते उठून पाणी आणायचे. भाकरीचा पहिला तुकडा मला द्यायचे. कुठून तरी जुनं वर्तमानपत्र आणून ठेवलेलं असायचं. ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, अडले की थांबायचे, घाई करायचे नाहीत. मी पुढे शिकवताना मुलींना थांबू द्यायचे, ते तिथून आलं. ज्या हातांनी तुझा ओठ फाडला त्याच हातांनी ते माझी वेणी घालायचे, आणि मला ते दोन हात एकाच माणसाचे आहेत हे जुळवता यायचं नाही. म्हणून मी जुळवलं नाही.

आणि घरी टेंभुर्णीचे काका येऊ लागले होते. आपल्याच जातीतले, बायको बाळंतपणात गेलेली, तुझ्याच खात्यात यंत्रांना तेल घालणारे. ते कधी आत येऊन बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर बसायचे, चहा घ्यायचे, जाताना कपबशी नळावर विसळून ठेवायचे. पुरुषमाणसाने कपबशी विसळलेली आपल्या चाळीने पहिल्यांदा पाहिली असेल. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तू हसली नाहीस, पण तुझा चेहरा मोकळा झाला. मी अनवाणी पेठेपर्यंत चालते हे त्यांनी पाहिलं आणि गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून माझ्यासाठी चपला करून आणल्या. पायाचं माप त्यांनी कधी घेतलं तेही मला कळलं नव्हतं. चपला अगदी बरोबर बसल्या. मी दोन दिवस घातल्या आणि चावतात म्हणून काढून ठेवल्या. तू माझे पाय हातात घेऊन पाहिलेस. कुठे चावल्याची खूण नव्हती. तू चपला उचलून फळीवर ठेवल्यास.

चैत्र लागला होता. एके दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी उशिरा भाकरी घेऊन गेले, तर खोलीला कडी. म्हातारी शेळीला पाला घालत होती. म्हणाली, "तेरे बाप कू काम लगा ना बेटी. पंदरा दिन हुए. तेरे कू नै बोले?" तिने बोट दाखवलं त्या दिशेने मी गेले. दोन गल्ल्या सोडून तेलुगू बोलणाऱ्या एका विणकराच्या घरात हातमाग लावलेले होते आणि तिसऱ्या मागावर आप्पा बसले होते. पाय खड्ड्यात, धोटा इकडून तिकडे जातो आहे, आणि त्यांचा चेहरा असा, की मी दारातच थांबले. मी त्यांना काम करताना कितीतरी दिवसांनी बघत होते. त्यांनी वर पाहिलं आणि धोटा थांबला.

ते बाहेर आले. गल्लीतल्या सुकत घातलेल्या रंगीत सुताच्या लडींआड माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "आईला सांगू नगंस."

मी म्हणाले, "थोरल्यांनी खरं सांग म्हन्ले हुते."

"सांगितलंस की उद्यापासनं भाकरी बंद. भाकरी बंद म्हंजी तुजं येनं बंद. ती तुला पाठवील व्हय माझ्याकडं? मला भाकरी नगं गं. तू येत जा."

मी हो म्हणाले. मला तेव्हा त्यात काही अवघड वाटलं नाही.

अवघड पुढे झालं. मंदी आली, गिरण्या आठवड्यातले चारच दिवस चालू लागल्या, आणि तू पाचाऐवजी चार भाकऱ्या थापू लागलीस. दोन आप्पांच्या, एक माझी, एक तुझी. मग पीठ आणखी कमी झालं तेव्हा तू तुझी अर्धी केलीस. आप्पांच्या दोन मात्र दोनच राहिल्या. पंचांचा शब्द होता, आणि उद्या कोणी बोट दाखवायला नको, हा तुझा हट्ट होता. संध्याकाळी तू हुलग्याचं पातळ माडगं मला वाढायचीस आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन भांडी घासायला उठायचीस. मग मला विचारायचीस, रोज, त्याच सुरात, "काय काम लागलं का त्याला?" मी म्हणायचे, "न्हाई." तू "बरं" म्हणायचीस. आणि सकाळी मी त्या भाकऱ्या घेऊन जायचे. आप्पा मालकाच्या घरी आमटीभात जेवत. एकदा मी पाहिलं, म्हातारीची शेळी कालची भाकरी खात होती. तू थापलेली भाकरी मला लांबून ओळखू यायची, कडेला तुझ्या बोटांचे ठसे असायचे. मी शेळीसमोर उभी राहिले आणि ती पूर्ण भाकरी संपेपर्यंत बघत राहिले. त्या संध्याकाळीही तू विचारलंस आणि मी "न्हाई" म्हणाले.

दिवाळीनंतर टेंभुर्णीचे काका पंचांकडे गेले. तुझ्याशी पाट लावायला किती दिवस थांबायचं ते एकदा ठरवून द्या, असं त्यांनी सांगितलं. घरी त्यांची म्हातारी आई होती, तिला सून हवी होती. तारीख ठरली आणि आपण सगळे पुन्हा वळसंगला गेलो. या वेळी तू हिरवं लुगडं नेसली होतीस. ठेवणीतलं, फडक्यात बांधून ठेवलेलं. मी ते तुझ्या अंगावर कधी पाहिलं नव्हतं. काका पाराच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे होते. आप्पा समोरच्या बाजूला.

थोरल्यांनी आप्पांना काही विचारलंच नाही. त्यांनी मला पुढे बोलावलं. त्यांची नजर आता अधू झाली होती, त्यांनी माझा खांदा चाचपून धरला. "पोरी, मारुतीपुढं हाईस. तुज्या बापाला काम लागलंय का?"

मी तुझ्याकडे पाहिलं नाही. काकांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्याही पायांत पट्ट्याच्याच चपला होत्या.

मी म्हणाले, "न्हाई."

आप्पांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडलं आणि मिटलं. ते तूही पाहिलंस, मला माहीत आहे तू पाहिलंस, कारण तू तेव्हा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होतीस. थोरल्यांनी माझा खांदा सोडला. "मग आमचा शब्द हाय तसाच ऱ्हाईल," ते म्हणाले. काकांनी टोपी डोक्यावर घातली.

पुढच्या महिन्यात काका गिरणी सोडून गावी गेले. जाताना नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर बसले. तू चहा दिलास. "आईनं पोरगी बघितलीय," ते म्हणाले. "मी तिला आनखी थांब म्हनू शकत न्हाय." तू म्हणालीस, "नगा म्हनू." त्यांनी कपबशी विसळून ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. तू त्या संध्याकाळी रडली असतीस तर मी सांगितलं असतं, असं मला वाटायचं. पण तू ज्वारी निवडायला बसलीस.

तुला कळलं ते होळीच्या सुमाराला. वाइंडिंगमध्ये तुझ्या शेजारी बसणारी तेलुगू बाई त्याच गल्लीतली निघाली. ती बोलता बोलता सहज म्हणाली, तुझा पहिला नवरा काठ फार सुरेख विणतो, वर्ष होत आलं आमच्याकडे. तू घरी आलीस. मी अभ्यासाला बसले होते. तू कापूस झटकलास, हातपाय धुतलेस, चूल पेटवलीस. भाकरी बांधायचं ते फडकं खुंटीवरून काढलंस, त्याने चुलीवरचं भांडं उतरवलंस, आणि पाठमोरी राहून म्हणालीस, "उद्यापास्नं त्याच्याकडं जाऊ नगंस." एवढंच. का खोटं बोललीस, ते विचारलं नाहीस. मी मार खायला तयार होऊन बसले होते. तो मार मला कधी मिळाला नाही.

नंतरच्या वर्षांत तू मला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलंस, मास्तरीण केलंस. "सोताचं कमीव," म्हणायचीस, "म्हंजी कुनाला मागाय नगं." पण मग थोडं थांबून, "आन् कमावलंस तरी त्यो पैका तुजाच ठेव," असंही म्हणायचीस. पाट तू पुन्हा कोणाशी लावला नाहीस. कोणी विचारलंही नसेल असं नाही.

आप्पा गेले तेव्हा म्हातारीच्या घरून निरोप आला. मी तेव्हा नोकरीला करमाळ्याला होते, धावत आले. तू दारात बसली होतीस. मी म्हणाले, चल. तू म्हणालीस, "मला मारलं त्ये मी कवाच सोडलं. माझ्या तोंडातली भाकरी खाल्ली त्येबी सोडलं. पन लेकराला देवापुढं खोटं बोलाय लावलं. त्ये न्हाय सोडनार." आणि तू आली नाहीस. मी तुझ्यासमोर उभी होते, आई. माझी पिशवी खांद्यावर होती. मी म्हणू शकले असते. मी एकटी गेले.

देवापुढे खोटं त्यांनी मला बोलायला लावलं नव्हतं. वळसंगला जायच्या आदल्या सकाळी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते कामावर गेले नव्हते. वाट बघत बसले होते. म्हणाले, "काल तुज्या आईला फाटकापाशी बघितलं. लई वाळलीय. उद्या थोरल्यांनी इचारलं की सांगून टाक. बास झालं आता. त्या मानसाचं नि तिचं होऊन जाऊ दे." मी विचारलं, मग मी येऊ का? ते म्हणाले, "यायचं का न्हाय त्ये तुजी आई ठरवील." त्यांनी माझी वेणी घातली आणि मला शाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पारावर मी जे बोलले ते माझं मी बोलले. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी मारुतीपुढे खोटी पडले असते, म्हणून ते गप्प बसले. निदान मी तसं धरून चालते. नंतर एकदाच त्यांनी विचारलं, "का गं?" मी उत्तर दिलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. तुमच्या दोघांत एवढं एक सारखं होतं.

आप्पांना भेटता यावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं आहे. ते ऐकायला बरं वाटतं. खरं असं, की हिरवं लुगडं नेसून तू गाडीत बसलीस तेव्हा तू कोणासाठी तरी नेसली आहेस हे मला दिसलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

हे पत्र मी घडी करून कुठे ठेवणार नाही, आज संध्याकाळीच चुलीत घालेन. घरात कोणाच्या हाती लागू नये एवढी भीती मला या वयातही आहे. फक्त एक लिहायचं राहिलं. टेंभुर्णीचे काका चांगले होते. मला ते तेव्हाही कळत होतं.